शंभरात नऊ

फोनवर पलीकडून "आई" असा शब्द आला आणि बाईंचं लिहिणं तिथल्या तिथे थांबलं. आता 'आई' हा काही दचकण्यासारखा शब्द नव्हे. त्या तोंडून तो बाईंनी एकतीस वर्षं ऐकला होता. दाराआडून, तापात, भांडणात, रुसव्यात, आणि बहुतेक वेळा 'माझे मोजे कुठे आहेत' याच्या आधी. पण या फोनवर कधी नाही. रुग्णालयाच्या लॅबमध्ये भिंतीवर टांगलेल्या या फोनवर त्या शब्दाला बंदी होती, आणि ती बाईंनी स्वतःच घातली होती. तीन वर्षांपूर्वी मुलगी याच रुग्णालयात डॉक्टर म्हणून रुजू झाली, त्या सकाळी जिन्यातच बाईंनी तिला सांगून टाकलं होतं की या दारातून आत आलं की मी तुझी आई नाही, मी लॅब. आणि तू माझी मुलगी नाहीस, तू वॉर्ड. कुणी म्हणायला नको की पोरीच्या पेशंटांचे रिपोर्ट आधी निघतात. मुलगीही त्याच मातीची. तिनं मान डोलावली आणि त्याच दुपारी फोन करून, आवाजात हसूचा लवलेशही न आणता, "लॅब, नऊ नंबरचं काय झालं?" असं विचारलं. बाईंनी "वाट बघा, डॉक्टर" म्हणून फोन ठेवला, आणि मग मशीनकडे पाठ करून पुष्कळ वेळ एकट्याच हसत राहिल्या. त्यानंतर तीन वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. म्हणून आज 'आई' आलं तेव्हा क्षणभर बाईंना कळलंच नाही की कुणाची आई.

फोन केला होता बाईंनीच, आणि कारण रोजचंच होतं. सकाळच्या खेपेत वॉर्डातून चौतीस जणांचं रक्त आलं होतं. या वर्षीचा ताप मोठा लबाड. पाच दिवस माणूस हसतबोलत असायचा, ताप उतरला म्हणून घरी जायचे कपडे घालून पलंगावर बसायचा, आणि सातव्या-आठव्या दिवशी त्याला श्वास पुरेनासा व्हायचा. वरून काही दिसायचं नाही. दिसायचं ते रक्तात, आणि तेही दोन-तीन दिवस आधी. त्या चौतिसांखेरीज आणखी एकाच्या नळ्या होत्या, त्यांवर नाव नव्हतं, नुसतंच 'बी-सतरा'. त्याची पिवळ्या झाकणाची नळी यंत्रात गरगर फिरून आली तेव्हा वर साचलेलं पाणी फिकट पिवळं असायला हवं होतं, ते गुलाबी होतं. म्हणजे रक्त फुटलेलं. कुणी बारीक सुईनं घाईघाईनं ओढलं, आणि वर सुई न काढताच नळीत दाबलं, की तांबड्या पेशी फुटतात, आतला ऐवज बाहेर सांडतो, आणि मशीन एलडीएचचा आकडा असा काही फुगवून दाखवतं की माणूस आत्ता जातो की मग, असं वाटावं. बाईंनी त्या नळीवर 'नाकारला' असा शिक्का हाणला. जांभळ्या झाकणाच्या नळीतला थेंब मात्र काचेवर ओढून, रंगवून, दुर्बिणीखाली मोजला, आणि फोन उचलून रोजच्या आवाजात सांगितलं की बी-सतराचं पिवळं फुटलंय, परत काढा, आणि या खेपेला हात असलेल्या माणसाकडून काढून घ्या. जांभळं मी बघितलंय, पेशंटला घरी सोडू नका.  मग 'आई' आलं.  आणि मग मुलगी हळूच म्हणाली, "ते माझं आहे."

फोन ठेवल्यावर मशीनवाल्यानं विचारलं, "कोण होतं?" मशीनवाला म्हणजे मोठ्या यंत्रावर काम करणारा, चाळिशीतला, पोट सुटलेला, सतत काहीतरी गुणगुणणारा. त्यालाही ठाऊक होतं की छोट्या डॉक्टर बाईंच्या कोण. सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. पण बाईंच्या तोंडून त्यानं ते कधी ऐकलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "माझी मुलगी." त्याचं गुणगुणणं बंद झालं. तो उठला आणि त्यानं आपलं उंच स्टूल बाईंच्या मागे आणून ठेवलं, जणू त्या उभ्या राहिल्या आहेत हे आजच त्याच्या लक्षात आलं होतं.

बाई बसल्या नाहीत. खिडकीतून खाली रुग्णालयाची धुलाईची खोली दिसायची आणि चादरींची गाडी आत-बाहेर करायची, ती त्या बघत राहिल्या. त्यांना आधी आला तो राग.  राग असा की ही पोरगी पाच दिवस आपल्याला बनवत होती. साथ सुरू झाल्यापासून ती घरी येत नव्हती, डॉक्टरांच्या खोल्यांत राहत होती, घरात ताप न्यायला नको म्हणून. रोज संध्याकाळी फोन करायची. आवाज बसलाय का, असं विचारलं तर म्हणायची, दिवसभर बोलून बोलून बसलाय. ताकाला जाऊन भांडं लपवायची जुनीच खोड. लहानपणी गुडघा फोडून यायची आणि लांब बाह्यांचं काहीतरी घालून फिरायची, गुडघा झाकायला बाही काय कामाची हे तिला सुचायचं नाही. आता एकटीच दार लावून बसली असणार. डावा हात टेबलावर, दातात रबरी पट्टा, उजव्या हातात सिरिंज. एका हातानं सुई काढता येईना म्हणून तशीच नळीत दाबली असणार. 'हात असलेल्या माणसाकडून काढून घ्या' हे आपण कुणाला ऐकवलं ते आठवून बाईंच्या कानशिलांशी गरम झालं. तिला हात आहेत. ते कसे आले तेही बाईंना माहीत होतं.

कारण ते हात याच खोलीत तयार झाले होते. बाई या लॅबमध्ये लागल्या त्या काचा धुवायला. साधीसुधी काचा धुणारी बाई. रंगाचे डाग घासून काढायचे, काचा पुसून शंभराच्या गठ्ठ्यानं रचायच्या. पण पुसायच्या आधी त्या एकेक काच चोरून दुर्बिणीखाली धरायच्या, आणि वर्षभरात जे शिकलेल्यांना दिसायचं नाही ते त्यांना दिसायला लागलं. पुढे त्यांनी रीतसर परीक्षा दिली, तेव्हा मुलगी पोटात होती. त्यांचे यजमान मोटार चालवायला शिकवत. त्यांचं म्हणणं, आमची ही जन्माआधीच पास झाली. शाळा सुटल्यावर मुलगी इथेच यायची, याच स्टुलावर बसायची, आणि बाई काच बघत बघत सांगतील तशा ती मोजणीच्या खटक्याच्या कळा दाबायची. पेशींची लांबलचक नावं पोरीच्या तोंडात बसेनात, म्हणून बाईंनी घरगुती नावं पाडली होती. मोठ्या पांढऱ्या पेशी त्या थोरल्या, आणि लहान, गोल, गडद जांभळ्या लिम्फोसाइट त्या धाकट्या. थोरली, थोरली, धाकटी, थोरली, धाकटी. शंभर भरले की खटक्याची घंटी वाजायची, टिंग. मुलगी सगळंच मोजायला लागली. पायऱ्या, खिडक्या, वडिलांच्या गाडीचे दिवसातले हिसके. वडिलांनी तिचं नावच मोजणी पाडलं. एकदा तिनं विचारलं होतं की यातल्या चांगल्या कोणत्या आणि वाईट कोणत्या. बाईंनी सांगितलं, चांगल्या-वाईट कुणी नाहीत, आपण मोजायचं. आणि काच कशी चालायची तेही तेव्हाच सांगितलं. काचेवर ओढलेला थेंब जिभेसारखा पसरतो. थोरल्या कडेकडेला ढकलल्या जातात, धाकट्या मध्ये बसून राहतात. तेव्हा नुसतं मधून चाललं तर धाकट्या जास्त भरतात, नुसतं कडेनं गेलं तर कमी. म्हणून किल्ल्याच्या तटासारखं चालायचं. कडेला जायचं, कडेकडेनं थोडं सरकायचं, पुन्हा मध्ये, पुन्हा कडेला. मुलगी म्हणाली होती, म्हणजे मधून चाललं की खोटं न बोलता खोटं बोलता येतं. नऊ वर्षांची होती. बाईंनी त्या रात्री यजमानांना सांगितलं की ही आपल्याला विकून खाईल.

विकून खाल्लं नाही, मोठं मात्र केलं. साथीच्या पहिल्याच महिन्यात मुलीनं तक्ता काढला. सहाशे पेशंटांचे आकडे तिनं समोर पसरून बसवले आणि कोणता आकडा आधी बोलतो ते शोधून काढलं. शितावरून भाताची परीक्षा, पण कोणतं शीत उचलायचं ते ठरवून. एका कागदावर पाच ओळी: धाकट्यांचं प्रमाण, सीआरपी, एलडीएच, डी-डायमर आणि वय. प्रत्येक ओळीला गुण. बेरीज सहाच्या आत असली तर घरी, सहा किंवा वर तर वॉर्डात ठेवायचं, दहाच्या पुढे तर थेट वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात. मोठ्या डॉक्टरांनी सभागृहात सगळ्यांना बोलावून तो तक्ता समजावून सांगायला तिलाच उभं केलं, आणि बाई मागच्या रांगेत, लॅबचा कोट न काढता, हाताची घडी घालून बसल्या होत्या. पडद्यावर तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: पेशी हाताने मोजलेल्या असाव्यात. कुणीतरी विचारलं, मशीन असताना हाताने कशाला. मुलगी म्हणाली की या तापात धाकट्यांपैकी काही फुगतात आणि मशीन त्यांना थोरल्यांत टाकतं. आमच्या लॅबमध्ये एक जण आहेत, त्यांची चूक होत नाही. नाव घेतलं नाही. मागे वळून बघितलंही नाही. नऊ वर्षांपूर्वी मशीन आलं तेव्हा बाईंना सगळ्यांनी सांगितलं होतं की आता खटका कपाटात टाका, आणि बाई नाकावर माशी बसू न देता दहातली एक काच हाताने मोजत राहिल्या होत्या, कुणी विचारत नसताना. सभागृहातून उतरताना त्यांना जिन्याच्या पायऱ्या पायाखाली लागत नव्हत्या. तो अभिमान होता, दुसरं काही नाही. आणि बाई त्याला अभिमानच म्हणत. उगाच समाधान वगैरे मवाळ नावं देत नसत.

आणि आज तोच तक्ता समोरच्या भिंतीवर चिकटवलेला होता आणि त्याच्या पहिल्या ओळीत मुलगी बसली होती. धाकट्या शंभरात नऊ. दहाच्या खाली चार गुण. दहाच्या वर असत्या तर दोनच. मशीनवाला मागून समजुतीच्या आवाजात म्हणाला की बाई, नमुनाच फुटलेला आहे ना, मग सगळंच बाद धरा. सगळं नवीन येऊ दे, मग बघू. मनानं चांगला माणूस. बाईंना त्या वाक्याला मिठी मारावीशी वाटली. सगळंच बाद. सकाळपासूनचं सगळं बाद, पाच दिवसांचा बसलेला आवाज बाद. पण रक्त फुटलं की फुगतो तो पिवळ्या नळीतला आकडा. पांढऱ्या पेशी चिवट असतात, त्या काचेवर जशा होत्या तशाच उभ्या होत्या. हे मशीनवाल्यालाही माहीत होतं. त्यानं ते बाईंसाठी विसरायची तयारी दाखवली होती.

तेव्हा बाई बसल्या, आणि तीच काच पुन्हा दुर्बिणीखाली सरकवली. परत मोजायला हरकत नव्हती, शंका असली की दोनदा मोजायचं हा नियमच. बोट खटक्यावर ठेवलं. काच कुठून सुरू करायची? सवयीनं त्या कडेला गेल्या असत्या. पण डोळा मध्ये उतरला. तिथे, जिभेच्या ऐन मधोमध, धाकट्या होत्या. दोन जवळजवळ. मग आणखी एक. गोल, गडद, लहान. बाईंचं बोट त्यांच्या नकळत दाबलं गेलं, धाकटी, धाकटी, थोरली, धाकटी. मधूनच चाललं तर तेरा-चौदा होतील हे त्यांना मोजायच्या आधी कळलं, इतकी त्यांची नजर तयार होती. चौदा म्हणजे दोन गुण. बाकीचं जेमतेम आलं तर बेरीज पाच. पाच म्हणजे घरी. घरी म्हणजे आपल्या मागच्या खोलीत, आपल्या उशीवर, आपल्या हाताखाली. वॉर्डातल्या त्या चौतिसांच्या रांगेत नाही. आणि यात खोटं काय होतं? त्या धाकट्या काचेवर होत्याच, कुणी पदरच्या घातल्या नव्हत्या. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणतात ते यालाच. बाईंना आजवर वाटायचं की ही म्हण दुसऱ्या बायकांसाठी आहे. खटक्यावर सतरा आकडा दिसत होता आणि त्यात तीन धाकट्या होत्या. कपाळावर घाम आला होता आणि तो चष्म्याच्या दांडीवर उतरत होता.  मग त्यांना त्या सभागृहातला आवाज आठवला. त्यांची चूक होत नाही, असं ती म्हणाली होती. सहाशे माणसं त्या एका ओळीवर उभी केली होती पोरीनं. त्यातल्या कितीकांच्या आया खाली बाकावर बसलेल्या असतील, आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही हातात काच नव्हती.

बाईंनी खटका शून्यावर आणला. काच कडेला नेली. कडेला, कडेकडेनं थोडं, मध्ये, पुन्हा कडेला. थोरली, थोरली, थोरली. नेहमीचा तट. या वेळी शंभरावर थांबल्या नाहीत, घंटी वाजली तरी पुढे गेल्या, दोनशे केल्या. दोनशेत अठरा. निम्मे केले तरी नऊच. त्यांनी रजिस्टरमध्ये बी-सतरासमोर नऊ लिहिलं, बाजूला आपली सही केली, आणि ती बघितली. सही रोजच्यासारखीच सरळ होती. याचाही त्यांना अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला म्हणून स्वतःचा थोडा रागही आला. मग त्यांनी सुया, पट्टा आणि नव्या नळ्या ट्रेमध्ये ठेवल्या, मशीनवाल्याला सांगितलं की बाकीच्यांचं थांबवू नको, रांगेनं लाव, आणि जिना चढून वर गेल्या.

डॉक्टरांच्या खोलीत मुलगी खुर्चीत बसली होती. मास्कवरचे डोळे चकचकीत, तापाचे. उभी राहायला लागली तर बाईंनी हातानंच बसवलं. दंडाला पट्टा बांधला, मूठ आवळ म्हटलं, कोपराच्या खाचेत बोटानं शीर चाचपली. डाव्या हातावर सकाळच्या प्रयोगाचा निळा डाग पडला होता, आणि एकच नव्हे, तीन ठिकाणी. बाईंनी उजवा हात घेतला. हे रक्त त्यांनी आजवर कधी काढलं नव्हतं. लहानपणी काही तपासायचं झालं तर दुसऱ्याला सांगायच्या आणि स्वतः बाहेर उभ्या राहायच्या. सुई आत गेली, नळी आपोआप भरत आली, सावकाश, एकही फेस न येता. मुलगी दुसरीकडे न बघता नळीकडे बघत होती. म्हणाली की तिचा हिशोब असा आहे: दोन डॉक्टर आधीच आजारी, वॉर्डात चौतीस जण, ताप तर उतरलाय, आज सहावा दिवस, आणि फुटलेल्या पिवळ्यातलं एलडीएच धरायचंच नाही. म्हणजे जमलंच तर संध्याकाळपर्यंत काम करून मग विश्रांती घेईन. बाईंनी कापूस दाबून धरायला सांगितला, आणि धाकट्या नऊ आहेत एवढंच म्हणाल्या. मुलीनं कापूस घट्ट दाबला. मग खाली बघत तिनं विचारलं, "कडेकडेनं मोजल्यास?"

तीन वर्षांत कामाच्या जागी ती बाईंना पहिल्यांदाच अगंतुगं करत होती. बाई म्हणाल्या, "दोनशे मोजल्या." ट्रे उचलून त्या खाली आल्या.

नवं पिवळं स्वच्छ निघालं, फिकट पिवळं, जसं असावं तसं. एलडीएच खाली आलं, एकाच गुणापुरतं. सीआरपी एक. डी-डायमर एक. वयाचं शून्य. आणि धाकट्यांचे चार. सात. बाईंनी फोन लावला आणि आकडे एकामागून एक सांगितले, आवाज रोजचाच. पलीकडे पोरगी भांडायला लागली. तिचं म्हणणं, सात हे साठीच्या माणसाला सात असतं, एकतिशीच्या माणसाला ते पाचाच्याच भावात पडतं. ती बोलत असताना मधेच तिला दम लागला आणि तिनं तो खोकल्यात लपवला. बाईंनी तिला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "वय तुमच्या तक्त्यात पाचव्या ओळीला धरलंय, डॉक्टर. त्याचं शून्य मी मिळवलंय. आता दुसऱ्यांदा कशाला वजा करताय? तक्ता तुमचा आहे. खरा असेल तर सगळ्यांना खरा, नाहीतर भिंतीवरून काढून टाका."

पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. बाई तोही मोजत होत्या. सवयच ती. मग मुलगी म्हणाली, "बरोबर आहे, लॅब," आणि फोन ठेवला. अर्ध्या तासानं वॉर्डाच्या यादीत बी-सतराच्या पुढे पलंगाचा नंबर आला. बाईंना वाटलं होतं की हायसं वाटेल. वाटलं नाही. ज्या मागच्या खोलीची गादी त्यांनी मनातल्या मनात झाडून ठेवली होती, ती त्यांनी स्वतःच रिकामी ठेवली होती, एका आकड्यासाठी. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं, मधून चालायचा मोह झाला तेही सांगितलं. ते म्हणाले, तुम्हा दोघींचं नातं रक्ताचं आहे म्हणतात ते उगाच नाही. मग उठून आत गेले आणि मागच्या खोलीतला दिवा लावून, पुन्हा बंद करून बाहेर आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरला. मुलगी त्या वेळी, म्हणे, शेजारच्या पलंगावरच्या आजींना तक्ता समजावून सांगत होती, आणि आपल्याला काही होतंय हे तिला कळलंच नव्हतं. नर्सला कळलं. दहा मिनिटांत नाकावर ऑक्सिजन होता, पुढची औषधं तयारच होती. ही हकीकत मोठे डॉक्टर स्वतः लॅबमध्ये येऊन सांगून गेले. त्यांचं म्हणणं, घरी असती तर संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नसतं, आणि मग मात्र अवघड होतं. हे सांगून ते उगाच थोडे घुटमळले आणि गेले. बाईंनी वापरलेल्या काचांचा ट्रे उचलला आणि सिंकपाशी जाऊन काचा धुवायला लागल्या. ते त्यांचं काम आता नव्हतं. मशीनवाल्यानं नळ थोडा मोठा करून दिला, म्हणजे पाण्याचा आवाज वाढेल. बाई रडल्या, चांगल्या भरपूर रडल्या, एकेक काच घासत. एकही काच फुटली नाही.

रक्त रोज खाली यायचं, चौतिसांबरोबर, रांगेनं. बाई ते रांगेनंच लावत. आठ, मग नऊ, मग पुन्हा आठ. त्या आठाच्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा न उघडताच परत नेला. मग अकरा. मग चौदा, चौदा लिहिताना त्यांना तो मधला रस्ता आठवला आणि वाटलं की बरं झालं, हे चौदा कष्टाचे आहेत. मग सतरा. मुलीला भेटायला त्या जात असत, काचेच्या दाराबाहेर उभ्या राहून हात करत असत, आणि ती आतून बोटांनी आकडा विचारत असे. पण बाई तिथे सांगत नसत. रिपोर्ट फोनवर, वॉर्डाला, बाकीच्यांच्या बरोबर. मुलगी आतून हात जोडायची, डोळे वटारायची. बाई ढिम्म.

बाराव्या दिवशी सकाळी काच रंगवून झाली, आणि बाईंनी तट चालायला सुरुवात केली तेव्हाच त्यांना कळलं. कडेलाही धाकट्या होत्या. ऐन काठावर, जिथे त्यांना कुणी ढकललं नव्हतं तिथे, थोरल्यांत मिसळून उभ्या होत्या. टिंग झाली तेव्हा चोवीस भरल्या होत्या. त्यांनी पुन्हा मोजल्या, दोनशे, आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहून सही केली. इतक्यात भिंतीवरचा फोन वाजला. मशीनवाल्याचं गुणगुणणं परत सुरू झालं होतं, ते त्यानं आवाज न करता बंद केलं.

"लॅब?" पलीकडून आवाज आला. बारीक, दोन शब्दांच्या मध्ये थांबणारा, पण बसलेला नव्हे. पलंगाशेजारचा फोन तिच्या हातात कुणी दिला कोण जाणे. "लॅब, बी-सतराचं काय झालं?"

"चोवीस, डॉक्टर."

 मग तो आवाज म्हणाला, "मधून तर नाही ना चाललात?"

कुणी दुसऱ्यानं हे विचारलं असतं तर बाईंनी त्याची सालं काढली असती. तीस वर्षांत त्यांच्या मोजणीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. डोळ्यांसमोर रजिस्टरची ओळ धूसर झाली होती, पण पाठ ताठ होती. "नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "कडेकडेनं."

"ठीक आहे. दुपारचा रिपोर्टही वेळेवर पाठवा," असं म्हणून पलीकडून फोन ठेवला गेला.

मशीनवाल्यानं न राहवून विचारलं, "कोण होतं?"

बाईंनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, आणि रांगेतली पुढची नळी उचलली.

"वॉर्ड," बाई म्हणाल्या.